बाविसाव्या हिश्श्याची गिट्टी

दगड ग्रॅमवर विकला जातो, हे शंकरप्पांना वयाच्या सत्तराव्या वर्षी सकाळचा चहा पिताना कळलं आणि पुढचा घोट काही केल्या घशाखाली उतरेना. समोर त्यांचा चाळीस वर्षांचा मुलगा मल्लिनाथ मोबाइल घेऊन बसला होता. दोनशे ग्रॅमचं पाकीट, साडेचारशे रुपये. आत काय, तर गिट्टी. रेल्वेच्या रुळांखाली असते तीच, फक्त छोट्या रेल्वेसाठी बारीक केलेली. अशी किती लागेल म्हणून विचारलं, तर चिरंजीव म्हणाले, वीसेक किलो. शंकरप्पांनी उभी हयात धान्याच्या दुकानात काढलेली. गुणाकार त्यांच्या डोक्यात आपोआप व्हायचा. तो झाला आणि त्यांनी कपबशी खाली ठेवली.

"मराठवाड्यात कुठंबी कुदळ मार, दगडच निघतो," ते म्हणाले. "अन् तू तो पाकिटातून मागवून राहिलास?"

मल्लिनाथचा नाइलाज होता. बापाच्या दुकानात दिवसभर तूरडाळ मोजणारा हा गृहस्थ उरलेल्या वेळात घराच्या माडीवर रेल्वे बांधायचा. लातूर रोडहून उदगीरकडे जाताना लागतं तसं एक लहानसं स्टेशन, अठरा फूट लाईन, एक इंजिन आणि दोन डबे. सगळं खऱ्याच्या बाविसाव्या हिश्श्याचं. रूळ खिडक्यांच्या ॲल्युमिनियम पट्ट्यांचे, स्लीपर आइस्क्रीमच्या काड्यांचे. काड्या दोनशे लागल्या. त्या कशा जमल्या हा प्रश्न पडलाच, तर मल्लिनाथच्या पोटाकडे एकदा पाहून घ्यावं.

गेल्या उन्हाळ्यात ही रेल्वे त्यानं नांदेडच्या प्रदर्शनात नेली होती. तिथं परीक्षक होते संघपाल सोनकांबळे. रेल्वेत रूळ तपासता तपासता निवृत्त झालेला माणूस, बोलायला गोड आणि नजरेला कडक. त्यांनी स्टेशन पाहिलं, सिग्नल पाहिला, फलाटावरच्या शाडूच्या प्रवाशांचं कौतुक केलं आणि मग म्हणाले की लाईनखाली गिट्टी नाही. गिट्टी नसेल तर ती लाईन नव्हे, नुसत्या पट्ट्या. मल्लिनाथ रिकाम्या हातानं परत आला. दोन दिवस तो गिऱ्हाइकांशीसुद्धा बोलला नाही.

त्याच वेळी शंकरप्पांनी फर्मान काढलं होतं. पुढच्या वर्षी बक्षीस आलं तर ठीक, नाहीतर माडीवरची खोली दुकानाच्या रिकाम्या पोत्यांना. आणि शंकरप्पा शब्दाचे पक्के. लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या त्यांच्या दुकानावर पाटीच होती: 'खडा दाखवा, दुप्पट धान्य न्या.' त्रेचाळीस वर्षांत दुप्पट द्यायची वेळ आली नव्हती, हे ते गावभर सांगत. त्यामुळे पोती खरोखरच माडी चढतील, याबद्दल मल्लिनाथला शंका नव्हती. प्रदर्शन तीन आठवड्यांवर आलं होतं.

पण ग्रॅमवर विकला जाणारा दगड शंकरप्पांच्या इतका जिव्हारी लागला, की फर्मान काढणारा माणूसच कामाला लागला. त्यांच्या मते गिट्टी हाही शेवटी मालच. माल कसा निवडायचा हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. मल्लिनाथनं मागणी सांगितली: काळसर राखी रंग, एकसारखा आकार, ज्वारीच्या दाण्याहून थोडी बारीक आणि कोपरे असलेली. खरी गिट्टी कोपऱ्यांमुळेच एकमेकींत अडकून बसते, असं सोनकांबळे साहेब म्हणाले होते. शंकरप्पांनी बाजारात निरोप धाडला आणि चार दिवसांत गल्ल्याशेजारी नमुन्यांच्या पुड्यांची रांग लागली. ते एकेक पुडी उघडत, माल तळहातावर घेत, अंगठ्यानं पसरवत, फुंकर मारत आणि शेवटी जुन्या सवयीनं एक दाणा दाताखाली धरून पाहत. विटेचा चुरा त्यांनी असाच चावून नापास केला. लाईन राजस्थानातली वाटेल, असा शेरा मारला. घरातली वापरलेली चहापूड वाळवून टाकून पाहिली, तर मल्लिनाथनं पंखा लावला आणि निम्मी लाईन खिडकीतून बाहेर गेली.

मग क्रशरवरची कच आली. खडी फोडताना उरणारा तो बारीक चुरा. घमेलंभर, आणि फुकट. शंकरप्पा खूश झाले. त्यात पीठ फार होतं म्हणून त्यांनी दुकानातल्या चाळण्या काढून दिल्या आणि मंगळवारी सबंध दुपार मल्लिनाथ दुकानाच्या मागच्या बाजूला ती चाळत बसला. बुधवारी महानंदा टीचर एक किलो तूरडाळ घेऊन गेल्या. गुरुवारी त्या परत आल्या. तोंडानं काही बोलल्या नाहीत. तळहात पुढे केला आणि मान वर करून पाटीकडे पाहिलं. तळहातावर राखी रंगाचा एक खडा होता.

शंकरप्पांनी दोन किलो डाळ बांधून दिली, पण त्या दिवशी त्यांच्या पोटात अन्न गेलं नाही. त्रेचाळीस वर्षांतला पहिला खडा, असं ते जेवणाच्या पानावर तीनदा म्हणाले. रत्नम्मा, म्हणजे त्यांच्या पत्नी आणि मल्लिनाथची अव्वा, चुलीपाशी भाकरी थापत होत्या. त्यांनी भाकरी उलटली आणि दुसरी घेतली.

"आजपासून ह्या घरात अन् दुकानात दगड यायचा न्हाई," शंकरप्पांनी जाहीर केलं. "तुला जे काय टाकायचंय ते धान्यातलं टाक."

दगडाशिवाय गिट्टी करायची म्हणजे मल्लिनाथला घामच फुटला. तरी त्यानं प्रयत्न केला. काजळीत घोळवलेला रवा टाकला, तर मुंग्यांनी दोन दिवसांत लाईन उचलायला घेतली. त्यांचं काम इतकं शिस्तीत चाललं होतं, की मल्लिनाथ थोडा वेळ कौतुकानं पाहतच राहिला. रंगवलेले राळ्याचे दाणे टाकले, तर ते गोल असल्यामुळे गाडी सुरू झाली की घरंगळत स्टेशनात जमा व्हायचे. प्रदर्शन पाच दिवसांवर आलं. शंकरप्पा आता दुकानात बसूनही गिट्टीचाच विचार करत होते आणि एका गिऱ्हाइकाला त्यांनी साखरेऐवजी मीठ दिलं.

अशा वेळी हदगावचा लिंबाजी आला. लिंबाजी शंकरप्पांचा जुना माणूस, सोयाबीन घेऊन यायचा, पण गेली दोन वर्षं तो चिया पेरत होता. मागच्या साली भाव न लागलेलं एक पोतं घरी पडून होतं आणि त्यातला नमुना त्यानं पुडीत बांधून आणला होता. शंकरप्पांनी पुडी उघडली. तळहातावर बारीक, राखी, मधूनच काळे आणि पांढरे ठिपके असलेले दाणे पसरले. त्यांनी चष्मा पुसला आणि परत पाहिलं. लातूर स्टेशनच्या लाईनखाली पाहिलेली गिट्टी कुणीतरी आटवून हातावर ठेवली आहे, असं त्यांना वाटलं. त्यांनी एक दाणा चावला. कडक लागला.

"लोक काय करतात हिचं?" त्यांनी विचारलं.

"शहरातली मान्सं खाऊन राह्यले म्हणे, वजन उतरायला," लिंबाजी म्हणाला. "आमी कुठं खातो, आप्पा. आमी पेरतो अन् इकतो."

शंकरप्पांनीही आयुष्यात चिया खाल्ली नव्हती. वजन उतरवण्यासाठी पैसे मोजून खायचं, ही गोष्टच त्यांना पटणारी नव्हती. कोपरे नाहीत, ही मल्लिनाथची शंका त्यांनी झटकली. बाविसाव्या हिश्श्याचा कोपरा कोणाला दिसतो, असं विचारलं. लिंबाजीनं ते पोतं दोन दिवसांत फुकट पोचवायचं कबूल केलं. त्याची अट एवढीच, की प्रदर्शनात त्याला आपला माल पाहायला मिळावा. घरी पोचण्याआधीच त्यानं मोबाइलच्या स्टेटसवर लिहून टाकलं, 'आमच्या चियावर रेल्वे धावणार.' हदगावात त्याच्याविषयीचा आदर एकाएकी वाढला. दोघांनी तर जमिनीचा मोबदला किती मिळाला म्हणून चौकशी केली.

मल्लिनाथची बायको वर्षाराणी त्या आठवड्यात चुलतबहिणीच्या लग्नासाठी बिलोलीला माहेरी गेली होती. ती घरी असती तर ही गोष्ट इथंच संपली असती. कारण घरात चिया पाण्यात टाकलेली पाहिलेली ती एकटीच होती.

शुक्रवारी दुपारी बापलेकांनी माडीवर बसून लाईन भरली. शंकरप्पांनी धोतर खोचलं, हातात रंगाचा ब्रश घेतला आणि काड्याकाड्यांमधून चिया सारखी केली. इतक्या वर्षांत ते मुलाच्या शेजारी जमिनीवर कधी बसले नव्हते. एका बाजूचा उतार झाला की मान तिरकी करून पाहत आणि दुसऱ्या बाजूला वळत. लाईन भरून झाली तेव्हा ती खरोखरच सुंदर दिसत होती. शंकरप्पांनी इंजिन स्वतः चालवून पाहिलं. परत पाहिलं. मग तिसऱ्यांदा, आवाज नीट ऐकायचा राहिला म्हणून.

आता गिट्टी जागेवर बसवायची होती. पद्धत सोपी आहे. फेव्हिकॉलमध्ये भरपूर पाणी घालायचं, भांड्याच्या साबणाचा थेंब टाकायचा आणि ते पातळ पाणी गिट्टीवर सोडायचं. ते झिरपतं, वाळतं आणि दगड एकमेकांना धरून बसतात. मल्लिनाथनं अठरा फूट लाईनवर मोठ्या प्रेमानं पाणी सोडलं. कुठं कोरडं राहायला नको म्हणून शंकरप्पांनी मागून आणखी एक तांब्या फिरवला. मग दोघं खाली चहाला गेले.

अर्ध्या तासानं वर आले तेव्हा लाईन होती त्या जागी नव्हती. ती चार बोटं वर आली होती. राखी गिट्टीच्या जागी एक जाड, थरथरता लगदा तयार झाला होता आणि तो अजून वाढतच होता. काड्यांचे स्लीपर त्यावर आडवेतिडवे तरंगत होते. रूळ मधेच कमान करून उठले होते. सिग्नल वाकून स्टेशनमास्तरच्या खोलीत डोकावत होता आणि फलाटावरचे शाडूचे प्रवासी गुडघाभर चिकट्यात रुतून गाडीची वाट पाहत होते. इंजिन शेवटचं स्टेशन आल्यासारखं एका कुशीवर पडलं होतं. त्याच वेळी जिना चढून, बॅग हातातच धरून वर्षाराणी आली. तिनं एकदा लाईनकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे आणि मग सासऱ्यांच्या हातातल्या तांब्याकडे.

"आप्पा, चियाला पाणी लावलं?" ती म्हणाली. "माहेरी सरबतात नेहमी घालतात, कालच्या लग्नातही होती. चमचाभर घातली तर पेला भरतो."

इथं चमचाभर नव्हती, आठ किलो होती. शंकरप्पांनी लगद्यात बोट घातलं, वास घेतला आणि खाली टेकले.

"त्रेचाळीस वर्षं धान्यात काढली," ते म्हणाले, "पण धान्य असं वागलेलं पाह्यलं न्हाई."

शनिवारी सकाळपर्यंत लगदा वाळण्याऐवजी काठावरून खाली उतरू लागला. मल्लिनाथनं नांदेडला फोन करून येत नाही म्हणून कळवायचं ठरवलं. मग त्यानं एक रिकामं पोतं आणलं, इंजिन फडक्यानं पुसलं आणि पोत्यात ठेवलं. वडिलांना तो एका शब्दानंही बोलला नाही. शंकरप्पांना त्यानं शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. खोली पोत्यांना द्यायची धमकी त्यांनीच दिली होती, दगडाला घरबंदी त्यांनीच केली होती, चिया त्यांनीच निवडली होती आणि वरून तांब्याही त्यांचाच होता. आता तेच मुलाच्या हातातलं पोतं पाहत दारात उभे होते आणि त्यांना फार वाईट वाटत होतं.

रत्नम्मा वर आल्या. त्यांनी लाईनीकडे पाहिलं, पदर खोचला आणि वर्षाराणीला उलथनं आणायला सांगितलं. तासाभरात दोघींनी सगळा लगदा खरवडून बादल्यांत भरला. फळ्या पुसल्या. मग रत्नम्मांनी मल्लिनाथला स्वयंपाकघरातल्या माळ्यावर चढायला लावलं. मागच्या बाजूला, पितळेच्या घागरींच्या आड, तेलाचा पत्र्याचा डबा आहे, तो काढ म्हणाल्या. मल्लिनाथनं एका हातानं ओढला तर डबा हलेना. दोन हातांनी आणि वर्षाराणीच्या मदतीनं तो खाली आला. रत्नम्मांनी झाकण उघडलं.

आत खडे होते. काळे, राखी, मधूनच एखादा तपकिरी. ज्वारीच्या दाण्याहून थोडे बारीक, टोकदार, काठोकाठ भरलेले. मल्लिनाथनं मूठभर उचलले आणि अंगठ्यानं तळहातावर पसरवले. शंकरप्पा पुढे वाकले.

"हे कुठलं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याच दुकानातलं," रत्नम्मा म्हणाल्या. "चांगला माल गिऱ्हाइकाला जातो अन् पोत्याच्या तळाचा घरी येतो. निवडायचा कुणी? मी निवडला. लग्न होऊन आले तवापासून."

"मग फेकले कामून न्हाईत?"

"उकिरड्यावर टाकले असते तर गल्लीला दिसले असते. बाहेर तुमची पाटी हाय ना."

शंकरप्पांनी डब्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि मग उगीचच चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. त्रेचाळीस वर्षं ज्या पाटीचा ते गावभर डंका पिटत होते, ती पाटी ह्या बाईनं रोज सूप घेऊन बसून सांभाळली होती आणि तिनं कधी त्याची वाच्यता केली नव्हती. त्यांना लाज वाटली. त्याहून जास्त अभिमान वाटला, पण तो कसा बोलून दाखवायचा हे त्यांना कधीच जमलं नव्हतं. म्हणून ते म्हणाले, "सूप कुठं हाय? मी आणतो."

मग कामाला जो वेग आला तो विचारू नका. रत्नम्मांनी सुपात खडे घोळले. मोठे पुढे आले, ते काढले. बारीक मागे राहिले, ते निराळे केले. जन्मभर धान्यातून खडे निवडणाऱ्या हातांनी आज पहिल्यांदा खड्यांतून धान्य निवडलं आणि चुकून आलेला ज्वारीचा एक दाणा टाकून दिला. मल्लिनाथनं काड्या परत चिकटवल्या, रूळ सरळ केले. दुपारपर्यंत लाईन भरली. फेव्हिकॉलचं पाणी सोडताना शंकरप्पांना तांब्याला हात लावू दिला नाही. फळ्या गच्चीवर उन्हात ठेवल्या. लातूरच्या उन्हाळ्याला आजवर कोणी चांगलं म्हटलं नसेल, पण त्या दिवशी त्यानं दोन तासांत लाईन खडखडीत वाळवून दिली.

रविवारी सकाळी टेम्पोत फळ्या घालून सगळं घर नांदेडला पोचलं. स्टेशनजवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये आठ-दहा मॉडेलं मांडली होती. मल्लिनाथची लाईन मधोमध. सोनकांबळे साहेब हळूहळू एकेका टेबलापाशी थांबत येत होते. ते मल्लिनाथच्या टेबलापाशी आले आणि नेमका त्याच वेळी लिंबाजीही हदगावहून दोघा सोबत्यांना घेऊन पोचला. सोबत्यांना त्यानं वाटेत सगळं समजावून सांगितलेलं. आता फक्त दाखवायचं बाकी होतं.

"ही बगा, माझी चिया," तो म्हणाला. मल्लिनाथ त्याला आवरायला पुढे झाला, पण उशीर झाला होता. टेबलाच्या कडेला सांडलेले दोन-चार दाणे लिंबाजीनं उचलले, तळहातावर पसरवले आणि रीतीप्रमाणे त्यातला एक दाताखाली धरला. सगळ्या हॉलला ऐकू येईल असा कट्‌ आवाज झाला. लिंबाजीनं गाल धरला.

"आप्पा," तो कळवळून म्हणाला, "तुमच्या मालात खडा निघाला."

आसपास लातूरची दोन-तीन ओळखीची माणसं होती. गंजगोलाईतली पाटी ठाऊक नाही असं त्यांच्यात कोणी नव्हतं. ते गालात हसू लागले. सोनकांबळे साहेबांना पाटी ठाऊक नव्हती. त्यांचं लक्ष लाईनवर होतं. त्यांनी वाकून पाहिलं, बोटानं गिट्टी दाबली. ती हलली नाही. मग लिंबाजीच्या तळहातावरचा एक खडा उचलून खिडकीच्या उजेडात धरला.

"कोपरे आहेत. पीठ नाही. सगळी एकसारखी," ते म्हणाले. "ही कोणत्या खाणीची?"

मल्लिनाथनं वडिलांकडे पाहिलं. खरं सांगावं तर बक्षीस मिळेल न मिळेल, पण बापाची त्रेचाळीस वर्षांची शान ह्या हॉलमध्ये जाईल. त्यानं मनाशी ठरवलं आणि म्हणाला, "हैदराबादहून मागवली, साहेब."

शंकरप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"न्हाई साहेब," ते म्हणाले. "खाण माझ्या घरात हाय. गिऱ्हाइकाला मी निवडक माल दिला अन् तळाचा घरी नेला. त्यातले खडे हिनं निवडले अन् माझी पाटी खोटी दिसू नये म्हून त्रेचाळीस वर्षं माळ्यावर लपवून ठेवले. मला काल कळालं. पाटी माझी न्हाईच, हिची हाय."

बोलताना त्यांनी मागच्या खुर्चीत बसलेल्या रत्नम्मांकडे हात केला. हसणारे हसायचे थांबले. रत्नम्मांनी पदर सावरला आणि जमिनीकडे पाहू लागल्या. इतक्या माणसांत नवऱ्यानं आपल्याविषयी एवढी वाक्यं सलग बोलावीत, याची त्यांना सवय नव्हती.

सोनकांबळे साहेबांनी हातातला खडा जपून टेबलावर ठेवला. मग म्हणाले की नोकरीत असताना त्यांची गिट्टी यंत्रांनी चाळून यायची, पण अशी एकसारखी त्यांच्या पाहण्यात कधी आली नव्हती. त्यांनी मल्लिनाथला गाडी सोडायला सांगितलं. इंजिन दोन डबे घेऊन निघालं, लाईनखालचा एकही खडा न हलवता दुसऱ्या टोकाला गेलं आणि परत आलं. पहिला नंबर मल्लिनाथच्या लाईनला मिळाला. ढाल घ्यायला मात्र साहेबांनी आधी रत्नम्मांना मंचावर बोलावलं. त्या गेल्या, दोन्ही हातांनी ढाल धरली आणि टाळ्या थांबेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. टाळ्या बराच वेळ थांबल्या नाहीत, कारण शंकरप्पा थांबत नव्हते. शेवटी लिंबाजीनं एका हातानं गाल धरून दुसऱ्या हातानं त्यांना खाली बसवलं.

"पोती दुकानातच राहतील," शंकरप्पा मल्लिनाथच्या कानाशी म्हणाले. मल्लिनाथनं मान हलवली. मग त्यानं इंजिन उचललं आणि परत फडक्यानं पुसायला घेतलं.

सगळे निघायच्या तयारीत होते तेवढ्यात कॉलेजची तीन पोरं रत्नम्मांपाशी आली. त्यांची रेल्वे मल्लिनाथच्या रेल्वेपेक्षा पुष्कळ लहान, काडेपेटीएवढ्या डब्यांची. त्यांनी तिच्या लाईनखाली रंगवलेला लाकडाचा भुसा टाकला होता आणि त्याबद्दल साहेबांची बोलणी खाल्ली होती. आजी, याहून बारीक गिट्टी तुमच्याकडे मिळेल का, असं त्यांनी भीत भीत विचारलं. मल्लिनाथ नाही म्हणणार होता.

"तिळातली देऊ का मोहरीतली?" रत्नम्मा म्हणाल्या. "मोहरीतली जास्त बारीक हाय. जिऱ्यातलीबी हाय, पण ती जरा लांबट."

शंकरप्पा वळले. "असे किती डबे हायेत माळ्यावर?"

"सात," रत्नम्मा म्हणाल्या. "धान्याधान्याचे निराळे. एकात एक मिसळलेलं मला आवडत न्हाई."

मग शंकरप्पांनी खिशातून पेन काढलं, प्रदर्शनाच्या पत्रकाची कोरी बाजू गुडघ्यावर धरली आणि बायकोच्या शेजारच्या खुर्चीत बसून पोरांची नावं, पत्ते लिहून घेऊ लागले. त्या पोरांच्या मागे आणखी चौघं येऊन उभे राहिले होते. रत्नम्मा प्रत्येकाला त्याच्या इंजिनाची लांबी विचारत होत्या आणि कोणत्या मालातली गिट्टी लिहायची ते शंकरप्पांना सांगत होत्या.